गुलाबावर निबंध लिहून घेण्याआधी एक गुलाब लावा



'माझे आवडते फूल' हा निबंध तुम्ही आजवर किती वेळा तपासला असेल? मी प्राथमिक शाळेवर शिकवते. दरवर्षी हा निबंध येतो आणि वर्गातली बहुतेक मुलं गुलाबच निवडतात. कारण गुलाबावरचा निबंध सगळीकडे तयार मिळतो. गाईडमध्ये मिळतो, मोठ्या बहिणीच्या जुन्या वहीत मिळतो, आणि खरं सांगायचं तर आपणही तो फळ्यावर लिहून देतो. गुलाब फुलांचा राजा आहे, तो लाल, गुलाबी, पिवळा, पांढरा असतो, त्याचा सुगंध सर्वांना मोहून टाकतो, पंडित नेहरूंना तो फार आवडत असे. झाला निबंध! चाळीस वह्या आणि चाळीस वेळा तोच राजा.

मला या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. गुलाबावर निबंध लिहून घ्यायचा असेल, तर आधी शाळेत किंवा घरी एक सुवासिक गुलाब लावा. आणि शक्यतो लाल लावू नका, जर्दाळूच्या रंगाचा लावा. असं मी का म्हणते, हे सांगण्यासाठी आधी माझी एक चूक सांगावी लागेल.

तीन गुणांचा निबंध

आमची शाळा मावळात आहे. आजूबाजूला पॉलिहाऊस आहेत. इथला गुलाब दर फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशात जातो, हे तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील तिथं कामाला जातात. काही वर्षांपूर्वी चौथीतल्या एका मुलीनं जे लिहिलं, ते मला अजून आठवतं:

'गुलाब पन्नास सेंटिमीटर लांब असतो. चाळीसचा पण असतो. वीस गुलाबांचा एक बंच बांधतात. गुलाबाला काटे असतात ते पप्पांच्या हाताला लागतात. गुलाबाला वास नसतो. गुलाब विमानाने जातो.'

मी 'वास नसतो' या शब्दांखाली लाल पेनानं दोन रेघा ओढल्या. 'पन्नास सेंटिमीटर' वर प्रश्नचिन्ह काढलं. दहापैकी तीन गुण दिले आणि खाली शेरा लिहिला, 'निबंध पुन्हा लिहिणे.' तिनं पुन्हा लिहिला. या वेळी तिचाही गुलाब फुलांचा राजा होता आणि त्याचा सुगंध मोहून टाकत होता. मी सात गुण दिले.

पुढे काही महिन्यांनी क्षेत्रभेट म्हणून आम्ही मुलांना एका पॉलिहाऊसमध्ये नेलं. तिथं फुलांच्या दांड्या मोजून चाळीस, पन्नास, साठ सेंटिमीटर अशी प्रतवारी चालली होती. वीस-वीसचे बंच बांधले जात होते. मी बादलीतलं एक सुंदर लाल फूल उचललं आणि सवयीनं नाकाला लावलं. काहीच नाही! दुसरं उचललं, त्यालाही नाही. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही आणि मीही बोलले नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर मला समजलं, की तिच्या पहिल्या निबंधातलं एकेक वाक्य खरं होतं. खरं लिहिल्याबद्दल मी तिला तीन गुण दिले होते आणि खोटं लिहिल्याबद्दल सात.

वास गेला कुठे?

पालकांनाही हे ठाऊक असावं म्हणून थोडं सांगते. बाजारात दांडीसकट विकायचा गुलाब निवडताना लांब सरळ दांडी, जाड पाकळी, भरपूर उत्पादन, प्रवासात टिकणं आणि फुलदाणीत जास्त दिवस ताजं राहणं एवढं बघितलं जातं. वास हा त्या यादीत खूप खाली. पिढ्यानपिढ्या तशीच वाणं निवडली, की वास मागे पडत जातो. २०१५ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी एका सुवासिक आणि एका बिनवासाच्या लाल गुलाबाची तुलना केली. गुलाबाच्या वासात वाटा असणारं एक विकर सुवासिक फुलात भरपूर काम करत होतं. बिनवासाच्या फुलात त्याचं काम जवळजवळ थांबलेलं होतं. म्हणजे दिसायला दोन्ही लाल, दोन्ही देखणे, पण आतला कारखाना एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद.

तेव्हा 'गुलाबाला सुगंध असतो' हे सरसकट वाक्य शास्त्र म्हणूनही खरं नाही. काही गुलाबांना असतो, काहींना नसतो. चौथीतल्या मुलीला हे माहीत होतं. बाईंना नव्हतं.

लाल का नको?

मग ठरवलं, शाळेच्या परसबागेत एक सुवासिक गुलाब लावायचा. रोपवाटिकेत गेले तेव्हा पहिला विचार अर्थातच लाल किंवा गुलाबी फुलाचा आला. पण मनात म्हटलं, लाल लावला तर मुलं पुन्हा 'लालचुटुक' लिहितील. गुलाबी लावला तर 'गुलाबी गुलाब'. पिवळा असेल तर 'पिवळाधमक', पांढरा असेल तर 'पांढराशुभ्र'. ही विशेषणं मुलांच्या हाताशी तयार असतात. फुलाकडे न बघताच ती वहीत उतरतात.

तिथं कोपऱ्यात एक झुडूप होतं. फूल मोठं, वाटीसारखं, आत पाकळ्यांची दाटी. मधला रंग पिकलेल्या जर्दाळूचा, कडेला गुलाबीकडे झुकलेला, पाकळीची मागची बाजू फिकट पिवळसर. माळीदादांना विचारलं, "हा कुठला रंग म्हणायचा?" ते म्हणाले, "काय सांगू बाई, सकाळी वेगळा असतो, दुपारी वेगळा." मी तेच झुडूप घेतलं. ज्या रंगाला तयार विशेषण नाही, तो रंग मुलांना फुलाकडे बघायलाच लावेल, असं मला वाटलं.

त्या जातीचं नाव 'अब्राहम डार्बी'. इंग्लंडमधले गुलाब तयार करणारे डेव्हिड ऑस्टिन यांनी ती १९८५ साली बाजारात आणली. ऑस्टिन यांचा जन्म १९२६ चा. जुन्या काळच्या गुलाबांचा भरगच्च आकार आणि वास, आणि नव्या गुलाबांची पुन्हा पुन्हा फुलण्याची सवय, हे दोन्ही एकाच झुडपात आणायचं म्हणून त्यांनी आयुष्यभर काम केलं. २०१८ साली ते गेले. त्यांची रोपवाटिका इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात आहे. त्याच परगण्यातल्या कोलब्रुकडेल गावी १७०९ साली अब्राहम डार्बी यांनी लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशापासून केलेला कोक वापरून लोखंड गाळलं. औद्योगिक क्रांतीच्या धड्यात हीच भट्टी येते. त्यांच्या नातवानं, त्याचंही नाव अब्राहम डार्बीच, तिथल्या नदीवर बिडाच्या लोखंडाचा पूल उभारला. १७७९ साली उभा राहिलेला तो पूल आजही आहे.

म्हणजे बघा, गुलाबाच्या इतक्या नाजूक फुलाला नाव लोखंडाच्या भट्टीवाल्याचं! वरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांनी याचा जरूर उपयोग करावा. आमच्या मुलांनी मात्र पहिल्याच आठवड्यात त्याचं 'आबा' करून टाकलं. "बाई, आबाला पाणी घातलं."

पहिलं झाड मी मारलं

हे सांगायला लाज वाटते, पण सांगते, म्हणजे तुमचं झाड वाचेल. आपल्याकडे झाड लावायचं म्हणजे जून महिना, वृक्षारोपण, फोटो. मीही जूनमध्येच लावलं. मावळातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. परसबागेच्या सखल कोपऱ्यात पाणी साचलं, पानांवर काळे ठिपके पडले, पानं पिवळी होऊन गळली आणि गणपतीपर्यंत नुसत्या काड्या उरल्या. मुलांनी विचारलं, "आबा मेला का?" मी हो म्हटलं. त्यावरही एका मुलानं चार ओळी लिहिल्या होत्या. खरं सांगते, त्या वर्षातलं वर्गातलं सगळ्यात चांगलं लेखन तेच होतं.

दुसरं झाड लावताना विचारून, वाचून लावलं. इंग्लंडातल्या बागकामाच्या माहितीत छाटणी हिवाळा संपता संपता करायला सांगतात, कारण तिथं हिवाळ्यात झाड झोपलेलं असतं. आपल्याकडे उलटं. आपला हिवाळा हाच गुलाबाचा बहर. म्हणून आपली मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. नमुना निबंध जसाच्या तसा उतरवला की जे होतं, तेच परदेशी वेळापत्रक जसंच्या तसं पाळलं की होतं. आपल्या मातीत ताडून बघावंच लागतं.

आमच्या अनुभवातून पुढच्या गोष्टी सांगते. त्या शाळेत किंवा घराच्या गच्चीवर सहज जमतील.

लागवड: पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जागा अशी हवी, की सहा तास तरी ऊन मिळेल, त्यातही सकाळचं जास्त. मे महिन्यात दुपारी थोडी सावली असली तर बरं. जमिनीत लावायचं असेल तर दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या आणि वाफा थोडा उंच करा. कुंडीत लावायचं असेल तर कुंडी चौदा-सोळा इंचांची हवी आणि तळाला भोकं हवीतच. माती, चांगलं कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड एवढं पुरतं. ताजं शेण घालू नका, मुळं जळतात.

कलम: रोपवाटिकेतलं झाड बहुधा डोळा भरलेलं असतं. खाली खुंट दुसऱ्याच गुलाबाचा, वर डोळा आपल्याला हव्या असलेल्या जातीचा. तो जोड मातीच्या थोडा वर राहू द्या. जोडाच्या खालून फूट आली तर ती खुंटाची. ती मुळाशी जाऊन काढून टाका, नाहीतर काही महिन्यांत खुंटच माजतो आणि आपलं फूल नाहीसं होतं. 'सात पानांची फांदी ती जंगली' असं लोक सांगतात, त्यावर विसंबू नका. चांगल्या फांदीलाही कधी सात पर्णिका येतात. फांदी कुठून निघाली ते वाकून बघा. हाही मुलांसाठी एक धडाच आहे. ऐकीव खूण आणि डोळ्यांनी केलेली खात्री यांतला फरक त्यांना इथं कळतो.

पाणी: सकाळी आणि बुंध्याशी. पानांवर फवारा मारायची मुलांना फार हौस असते, पण पान बराच वेळ ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांची बुरशी पसरते. मातीत बोट घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी.

छाटणी: ऑक्टोबरात वाळक्या, रोगट, एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढायच्या आणि बाकी झुडूप साधारण एकतृतीयांशानं कमी करायचं. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, धारदार सिकेटरनं कापायचं. हे काम शिक्षकानं किंवा पालकानं करायचं, मुलांनी बघायचं. छाटल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांत फुलं येतात. फूल सुकलं की देठासकट खालच्या चांगल्या पानाच्या वर कापलं, तर पुढची फूट लवकर येते.

कीड: थंडीत मावा आणि भुरी, उन्हाळ्यात लाल कोळी. फिकट रंगाच्या फुलांत फुलकिडे शिरतात आणि पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात. शाळेत विषारी औषध मुळीच नको. ठिपक्यांची पानं तोडून लांब टाकायची, माव्यावर पाण्याचा जोरदार झोत मारायचा आणि पानं लगेच वाळतील अशी सकाळची वेळ धरायची, गरज पडली तर निंबोळी अर्क. झाड थोडं खराब दिसलं तरी चालेल. प्रदर्शनात ठेवायचं नाहीये.

आणि एक, या जातीचे काटे चांगलेच बोचतात. वाफा वाटेपासून हातभर आत घ्या.

फुलाजवळ बसून भाषा

दुसऱ्या झाडाला डिसेंबरात पहिलं फूल आलं. मी मुलांना निबंध दिलाच नाही. एकच प्रश्न दिला: याचा रंग काय? अट अशी, की लाल, पिवळा, गुलाबी, केशरी, नारिंगी हे पाच शब्द वापरायचे नाहीत. पहिली दोन मिनिटं सगळे गप्प. मग एकेक सुरू झालं. "आमरसात दूध पडल्यासारखा." "कापलेल्या पपईसारखा, पण फिका." "आमच्या घराच्या भिंतीवर संध्याकाळी ऊन येतं तसा." एक मुलगी म्हणाली, "माझ्या आजीच्या जुन्या लुगड्याच्या काठासारखा, धुऊन धुऊन झालेला." एकजण फारच जवळ गेला, "अबोली!" अबोली हे फूल आणि अबोली हा रंग, दोन्ही आपल्याच भाषेतले, आणि मला स्वतःला तो शब्द सुचला नव्हता.

मग मी जर्दाळू आणले. बहुतेकांनी सुका तपकिरी जर्दाळूच पाहिलेला होता, म्हणून पुस्तकातलं ताज्या फळाचं चित्र दाखवलं. 'जर्दाळू' हा शब्द फारसीतून आला. 'जर्द' म्हणजे पिवळा आणि 'आलू' म्हणजे आलुबुखाऱ्यासारखं फळ. आपण 'पिवळा जर्द' म्हणतो, तो 'जर्द' हाच. 'गुलाब' हा शब्दही फारसीतूनच आला. 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. म्हणजे मूळ शब्द गुलाबपाण्याचा. आपण तो फुलाला दिला आणि मग फुलावरून रंगाला 'गुलाबी' म्हटलं. एका फुलापाशी उभं राहून केवढी व्युत्पत्ती झाली! वर्गात हेच शिकवलं असतं तर निम्मी मुलं खिडकीबाहेर बघत बसली असती.

वनस्पतिशास्त्रातही गंमत आहे. जर्दाळू आणि गुलाब एकाच कुळातले आहेत. सफरचंद, पीच, बदाम, स्ट्रॉबेरी हीदेखील त्याच गुलाब कुळातली. म्हणजे फुलाला जर्दाळूचा रंग म्हणताना आपण त्याच्या लांबच्या भावाचंच नाव घेतो. गुलाबाचा 'काटा' हाही शास्त्राच्या भाषेत खरा काटा नाही. बोगनवेलीचा काटा म्हणजे रूप बदललेली फांदी, तो आतून येतो. गुलाबाचा काटा हा वरच्या सालीचा उंचवटा आहे. बाजूनं दाबला की सालीसकट सुटून येतो. मी एक पडलेली फांदी घेऊन हे करून दाखवलं, मग सगळ्यांना करून बघायचं होतं.

वासाची नोंद मुलांनी पंधरा दिवस ठेवली. परिपाठाच्या वेळी एकदा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर एकदा वास घ्यायचा आणि खूप, थोडा, नाही यांतलं एक लिहायचं. सकाळी जास्त, दुपारी कमी असं त्यांचं त्यांनाच कळलं. उन्हाळ्यात रंग फिका पडतो आणि फूल लहान होतं, हेही त्यांनीच मला दाखवलं. जानेवारीतलं फूल आणि एप्रिलातलं फूल यांची चित्रं शेजारी शेजारी चिकटवली होती. तुम्ही म्हणाल, ही दोन वेगळी झाडं.

ही सगळी तयारी झाल्यावर मार्चमध्ये निबंध घेतला. फुलांचा राजा कुणीच लिहिला नाही असं नाही, काहींनी लिहिलाच. पण त्याच्या खालच्या ओळी निराळ्या होत्या. एकानं लिहिलं, 'आबाचे फूल जड असते म्हणून ते मान खाली घालते, पाऊस आला तर आणखी खाली.' शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण चाळीस वह्या या वेळी चाळीस होत्या.

तुमचे प्रश्न मला माहीत आहेत

"परीक्षेत असं लिहिलं तर गुण मिळतील का?" ही पालकांची पहिली शंका. प्रामाणिक उत्तर देते: गुण आपणच देतो. नमुन्याबाहेरचं वाक्य दिसलं की आपला पेन थांबतो. मग ते खोडण्याआधी एवढंच विचारूया, हे मुलाला खरंच दिसलं असेल का? मी तसं विचारलं असतं तर एका मुलीवर खोटं लिहायची पाळी आली नसती. आणि जे मूल बघून लिहायला शिकतं, त्याला अनोळखी विषय आला तरी पानभर लिहिता येतं. पाठ केलेल्याला येत नाही.

"वेळ कुठे आहे?" रोज पाच मिनिटं, तीही परिपाठाला जोडून. शिवाय मराठी, परिसर अभ्यास आणि थोडं मोजमाप यांत हे सहज बसतं.

"सोपं झाड का नाही? झेंडू, सदाफुली?" जरूर लावा. झेंडू लवकर फुलतो, पहिलीदुसरीला तोच चांगला. पण गुलाबाबद्दल मुलांच्या डोक्यात आधीच इतकी तयार वाक्यं भरलेली असतात, की ती तपासून बघायची मजा गुलाबाशीच येते. आणि हीच जात हवी असा माझा आग्रह नाही. मला कलम साडेतीनशेला पडलं, तेही पहिलं मेल्यामुळे दोनदा. तुमच्या गावात जुना सुवासिक गावठी गुलाब असेल, तर त्याची फांदी मागून आणा. फक्त विकत घेताना दोन गोष्टी बघा. नाकाला लावा, वास आला पाहिजे. आणि स्वतःला विचारा, याचा रंग मला एका शब्दात सांगता येतो का? येत नसेल, तर तोच घ्या.

"नमुना निबंध बंदच करायचे का?" नाही. निबंधाला सुरुवात, मधला भाग, शेवट कसा असतो हे नमुन्यातूनच कळतं. मीही नमुने लिहून देते. पण नमुना म्हणजे कुंडी. कुंडी आपण द्यावी, फूल मुलाचं असावं.

त्या मुलीचं काय झालं?

ती आता सातवीत आहे, दुसऱ्या शाळेत जाते. गेल्या हिवाळ्यात धाकट्या भावाला न्यायला आली होती. मी तिला परसबागेत नेलं. तिनं फुलाची दांडी हातात धरली, नजरेनंच मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, "बाई, हा तीसचा पण नाही भरणार." मग वास घेतला. परत घेतला. म्हणाली, "हा फुलाचा वास नाही, फळाचा आहे."

'अब्राहम डार्बी'चा वास फळासारखाच म्हणून ओळखला जातो. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "चौथीतला तुझा पहिला निबंध बरोबर होता, मी चुकीचे गुण दिले." ती लाजली. म्हणाली, "कोणता निबंध, बाई?" ती विसरली होती. मी अजून विसरलेले नाही.

मित्रमैत्रिणींनो, या वर्षी पाऊस थांबला की एक कलम आणा. नोव्हेंबरात लावा, जानेवारीत मुलांना त्याच्याजवळ बसवा, आणि मार्चमध्ये 'माझे आवडते फूल' लिहायला द्या. पालकहो, तुमच्याकडे गच्ची किंवा उन्हाची खिडकी असेल, तर तुम्हीही हे घरी करू शकता. तोवर एखाद्या वहीत 'गुलाबाला वास नसतो' असं वाक्य दिसलं, तर लाल पेन बाजूला ठेवा आणि त्या मुलाला विचारा, "तू कुठला गुलाब पाहिलास?"